सही माझी, बाकी देवाची

'देव बघून घेईल' हे वाक्य मराठी भाषेत नसतं, तर आपली निम्मी कामं आपल्यालाच करावी लागली असती. मुलीचं लग्न, मुलाची बारावी, सोसायटीची गळकी टाकी, वरच्या मजल्यावरचा तबला शिकणारा मुलगा, जावयाचा धंदा आणि मेहुण्याची अक्कल अशी कितीतरी प्रकरणं आपण त्या एकट्याच्या टेबलावर ढकलून मोकळे होतो. आम्हाला निदान दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते. त्याला तीही नाही.

'आम्हाला' म्हणजे बँकवाल्यांना. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. २०२४ सालच्या वेतनकरारानंतर आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं ठरलं. नाव चार बोटं लांब झालं, खुर्ची तीच राहिली. राहायला तळवलीला. तळवली म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळे आणि घणसोली यांच्या मधोमध. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आणि तिच्या मागे पारसिकचा डोंगर. गावठाणात आगरी-कोळी मंडळी आणि भोवतीच्या इमारतींत आमच्यासारखी हप्ते फेडणारी मंडळी. गावठाणातल्यांची श्रद्धा एकवीरा आईवर, तर इमारतींतल्यांची श्रद्धा घरकर्जाचा व्याजदर पुढच्या तिमाहीत उतरेल यावर. दोहोंपैकी अंधश्रद्धा कुठली, हे मी नोकरीत असेपर्यंत सांगणार नाही.

तर प्रश्न असा आहे, की जमण्याची तिळमात्र चिन्हं दिसत नसताना माणसानं देवावर हवाला ठेवून पाऊल टाकावं की नाही? हा प्रश्न दाढीवाल्या तत्त्वज्ञांचा आहे असं समजू नका. तो कर्जविभागाचा आहे. कर्जाच्या अर्जात 'परतफेडीचं साधन' असा एक रकाना असतो. त्यात पगार, धंदा, शेती, पेन्शन आणि सगळ्यात शेवटी 'इतर' एवढेच पर्याय असतात. त्या रकान्याबद्दल विचारलं की दहातला एखादा गिऱ्हाईक वर छताच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणतो, "त्याची कृपा!" पंख्याची नव्हे हे मला कळतं, संगणकाला कळत नाही. संगणकाच्या दृष्टीनं परमेश्वर 'इतर'मध्ये मोडतो.

कॉमर्सच्या अभ्यासक्रमात आम्हाला १८७२ सालचा भारतीय करार कायदा होता. त्यातलं कलम ५६ मला अजून आठवतं, कारण परीक्षेत तेच यायचं. मुळातच अशक्य असलेली गोष्ट करण्याचा करार रद्दबातल, असा त्याचा आशय. हे कलम नवसांना लावून पाहिलं तर महाराष्ट्रातली निम्मी देवळं ओस पडतील. शिवाय नवसात एक बाजू प्रस्ताव ठेवते आणि दुसऱ्या बाजूची स्वीकृती कधीच लेखी येत नाही. 'नोकरी लागली तर अकरा नारळ' याला आमच्या प्राध्यापकांनी करार म्हटलंच नसतं. फार तर 'एकतर्फी चौकशी' म्हटलं असतं.

असो. पण 'देवावर हवाला' या एका शब्दप्रयोगाखाली फार निरनिराळा माल खपतो, आणि तो निवडून वेगळा करायला हवा.

त्यातला पहिला माल म्हणजे शुद्ध आळस. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारी आळी त्यांना मामा म्हणते. तरुणपणी ते खाडीत होडी घालायचे. खाडीतली मासळी आटली तशी होडी गेली, पण भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना अजून तोंडपाठ आहेत. मी एकदा त्यांना विचारलं, "मामा, वादळाच्या दिवसांत जायचात तेव्हा भीती नाही वाटायची?" मामा म्हणाले, "आई एकवीरा होरी बुरू देनार नाय. पन भोक बुजवाचा काम तिचा नाय." मी तत्त्वज्ञानाची जी दोन-तीन पुस्तकं अर्ध्यापर्यंत वाचली आहेत, त्यांत हा मुद्दा इतक्या थोडक्यात कुठं आढळला नाही. भोक आपण बुजवायचं. ते न बुजवता होडी लोटणारा माणूस भक्त नव्हे. त्याला पोहायला तरी येत असावं, एवढीच आपण इच्छा करावी.

दुसरा माल म्हणजे हिशेबी श्रद्धा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कल नावाचा मोठा गणिती होऊन गेला. या माणसाबद्दल मला व्यावसायिक आपुलकी आहे. त्याचे वडील करवसुलीच्या कामावर होते. त्यांचा बेरजा करताना जीव जातो हे पाहून या पोरानं १६४२ च्या सुमारास बेरजेचं यंत्रच बनवायला घेतलं. आमच्या धंद्याचा तो एक प्रकारे मूळपुरुष. त्यानं देवाबद्दलही एक हिशेब मांडून ठेवला आहे. देव असेल आणि तुम्ही मानलंत तर लाभ अपार. नसेल आणि मानलंत तर तोटा किरकोळ. म्हणून मानणं फायद्याचं. हिशेबात मला चूक दिसत नाही. फक्त वाचताना सारखं असं वाटतं, की हा गृहस्थ भक्तीचा मार्ग दाखवत नसून मुदत ठेवीची योजना समजावून सांगतो आहे. गुंतवणूक माझी, व्याजही माझं. यात दुसरा माणूस कुठंच नाही.

तिसरा माल मात्र वेगळा. त्याचं जुनं प्रकरण मंगळवेढ्याला आहे.

मंगळवेढं सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या जवळ. ज्वारीचं कोठार म्हणून प्रसिद्ध. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात बहमनी अमदानीत दामाजीपंत नावाचे अधिकारी होते. म्हणजे सरकारी नोकर, आपल्याच जातकुळीतले. कोठारांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांची कथा महिपतीनं १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तिविजया'त आहे आणि कीर्तनकार ती आजही सांगतात. दुष्काळ पडला. माणसं अन्नान्न करू लागली. सरकारी कोठारात धान्य होतं आणि दाराबाहेर भुकेली माणसं होती. दामाजीपंतांनी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. हाताखालच्या एकानं बेदरच्या बादशहाला पत्र धाडून कळवलं. (असा एक जण प्रत्येक कचेरीत असतो. कोठार रिकामं झालं तरी ही जागा रिकामी राहत नाही.) बादशहानं दामाजींना धरून आणायला शिपाई पाठवले. वाटेत दामाजींनी तेवढं पंढरपूरचं दर्शन मागून घेतलं. इकडे विठू नावाचा कुणी महार बेदरच्या दरबारात हजर झाला, धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. ती पावती दामाजींना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडली.

आता हे प्रकरण माझ्याकडे तपासणीला आलं असतं, तर मी काय शेरा मारला असता? मंजुरी कुणाची? कुणाचीच नाही. तारण? नाही. परतफेडीचं साधन? 'इतर'. सरकारी नोकरानं किंवा बँकवाल्यानं ताब्यातला माल असा परस्पर वाटला, तर त्यासाठी आज भारतीय न्याय संहितेत कलम ३१६, पोटकलम ५ आहे. शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत जाते. कायद्याच्या भाषेत याला फौजदारीपात्र न्यासभंग म्हणतात, साध्या भाषेत विश्वासघात. गंमत पहा, की देवावरच्या विश्वासापोटी केलेली गोष्ट कायद्यात विश्वासघात या सदराखाली जाते.

आमच्या शाखेतल्या एका साहेबांना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, "अहो, टॅली झालं म्हणून संत. नसतं झालं तर? समजा, तो विठू महार आलाच नसता, मग?"

साहेबांचा प्रश्न बिनतोड आहे. साहेबांचे प्रश्न बहुधा असतातच. कोठारातलं धान्य दामाजींच्या मालकीचं नव्हतं, हेही खरं. ते बादशहाच्या परसातही पिकलं नव्हतं, त्याच रयतेकडून आलं होतं, असं म्हणता येईल. पण हा युक्तिवाद मी रोकड मोजायला बसलेला असताना वापरणार नाही. आपण फक्त तारखा पाहू. कोठार उघडलं त्या दिवशी पावती नव्हती. शिपाई दारात आले त्या दिवशीही नव्हती. पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्या दामाजींना पुढं बेदरला शिरच्छेदच दिसत असणार. देव रक्कम भरणार आहे हे आधी ठाऊक असतं, तर त्यात श्रद्धा कसली? ते तारणावर दिलेलं कर्ज झालं. तसं तर आमची बँकसुद्धा देते. विठू महार आलाच नसता तरी दुष्काळात जेवलेली माणसं जेवलेलीच राहिली असती. पोटात गेलेलं धान्य कुठल्याही बादशहाला वसूल करता येत नाही.

आणि मुख्य म्हणजे दामाजीपंतांपुढं एक सोपा, सोवळा आणि पूर्ण सुरक्षित मार्ग होता. कोठाराला कुलूप लावून, ओट्यावर येऊन, भुकेल्या लोकांना हात जोडून म्हणायचं, "बाबांनो, देव बघून घेईल." कुणी त्यांना नास्तिक म्हटलं नसतं. उलट बढती मिळाली असती. त्यांनी केलं ते याच्या बरोबर उलट. लोकांची भूक स्वतः बघितली आणि स्वतःची मान तेवढी देवावर सोडली. मला वाटतं सगळा फरक इथं आहे. स्वतःचं देवावर सोडलं तर ती श्रद्धा. दुसऱ्याचं देवावर सोडलं तर ती पळवाट.

हे मला कीर्तनात कळलं असं सांगितलं असतं तर शोभलं असतं, पण कळलं ते काउंटरवर. एका तरुणाला टेम्पोसाठी कर्ज हवं होतं. वडील गेलेले, घरात कमावतं कुणी नाही. जामीनदार म्हणून आली ती त्याच्या शेजारची, मासळी विकणारी मावशी. नात्याची ना गोत्याची. जामीनदारी म्हणजे काय, ते समजावून सांगणं माझं काम.

"मावशी, यानं हप्ते थकवले तर पैसे तुमच्याकडून जाणार."

"जाऊं दे."

"तुमच्या ठेवीवर येईल."

"मंग?"

"मग काय, विचार करा. एकदम सही करू नका."

"इचार केला. देवावर सोरलाय."

"देवावर सोडलंय तर सही तुमची कशाला?"

मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं, की शिळी मासळी विकायला बसलेला माणूस मीच आहे. म्हणाली, "देवाची सही तुमी घेनार काय, दादा? सही माजी, बाकी देवाची."

बँकेत 'बाकी' या शब्दाला फार मोठा अर्थ आहे. संध्याकाळी आम्ही जी जुळवतो ती बाकीच. पण सहीनंतरची बाकी आपल्या हातात नसते, हे वीस वर्षं बाक्या जुळवणाऱ्या मला त्या मावशीनं एका वाक्यात सांगितलं. त्या टेम्पोचे हप्ते वेळेवर येतात की नाही, असं तुम्ही विचाराल. माफ करा, गिऱ्हाइकाच्या खात्याची माहिती बाहेर देणं नियमात बसत नाही. आणि ती दिली, तरी मावशीची सही त्यामुळं अधिक खरी किंवा अधिक खोटी ठरणार नाही.

इथं लेख थांबवला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. दामाजी सुटले, मावशीनं सही केली, आपण चहा घ्यायला मोकळे. पण मंगळवेढ्याची वही एकदा उघडली की तिच्यातलं दुसरं पानही उलटावं लागतं. ते पान चोखामेळ्याचं आहे.

चोखोबा दामाजींच्या कितीतरी आधीचे, त्याच मंगळवेढ्याचे. जातीनं महार. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलं, पण देवळाच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. परंपरा सांगते, की नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही दाराबाहेरच.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. दामाजींची रक्कम भरायला देव महाराच्या रूपानं बेदरपर्यंत गेला आणि भर दरबारात पावती घेऊन आला. त्याच गावचा खराखुरा महार भिंतीखाली सापडला तेव्हा कुणी आलं नाही. कथेतला महार बादशहाच्या दरबारात जाऊ शकत होता, गावातला महार विठ्ठलाच्या देवळात जाऊ शकत नव्हता. इथं माझी विनोदबुद्धी गप्प बसते, आणि ती गप्प बसते हे चांगलंच आहे.

म्हणून ज्यांना 'श्रद्धा ठेवा, चमत्कार होईल' असं सांगायची हौस असते, त्यांच्याजवळ मी जरा दबकत उभा राहतो. श्रद्धेला पावती मिळतेच असं मानलं, तर चोखोबांची श्रद्धा दामाजींपेक्षा कमी होती असं म्हणावं लागेल. ते म्हणायची माझी हिंमत नाही, तुमचीही नसावी. पावती हा श्रद्धेचा पुरावा नव्हे. चोखोबांच्या खात्यात आयुष्यभर जमा होत राहिलं आणि पासबुकावर एकही नोंद उठली नाही. तरी त्यांनी खातं बंद केलं नाही. या माणसापुढं पास्कलचं बेरजेचं यंत्र चालत नाही.

आणि या सगळ्या वर्षांत पंढरपूरच्या दाराशी उभ्या राहिलेल्या चोखोबांच्या भाऊबंदांना आपण काय सांगत होतो? तेच. देव बघून घेईल. हप्ता नव्वद दिवस थकला, की आमच्या भाषेत कर्ज अनुत्पादित होतं आणि वरून पत्रं सुरू होतात. ही थकबाकी सहाशे वर्षं चालली आणि कुणाला नोटीस गेली नाही, कारण ती वसूल करण्याचं काम आपण सोयीस्करपणे देवाकडं दिलं होतं.

शेवटी १९४७ साली साने गुरुजी उठले. ते स्वतः केव्हाही देवळात जाऊ शकत होते. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकमत जागं केलं. मामांच्या भाषेत सांगायचं तर भोकं बुजवली. मग मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. समोर शतकांची रूढी आणि पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क. जवळ काय, तर एक किरकोळ प्रकृतीचा देह. तो त्यांनी तारण ठेवला. तेव्हा पैज लावणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं चार आणेही लावले नसते. दहा-अकरा दिवसांनी उपोषण सुटलं, कारण विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं करायचं कबूल झालं होतं. चोखोबा भिंतीखाली गेले त्याला तेव्हा ६०९ वर्षं झाली होती. हिशेब मी दोनदा केला आहे.

गुरुजींनी विठू महाराची वाट पाहिली नाही. दामाजींच्या गोष्टीत माणसासाठी देव धावला, इथं देवाच्या दारासाठी माणूस धावला. दोन्ही ठिकाणी सही मात्र आधी माणसाचीच झाली.

तेव्हा यापुढं कुणी मला म्हणालं, "देवावर हवाला ठेवून उडी घेतोय," तर मी हसणार नाही, कलम ५६ काढणार नाही, टाळ्याही वाजवणार नाही. तीनच प्रश्न विचारीन. होडीचं भोक बुजवलंस का? उडी कुणासाठी? आणि बुडालीच, तर नुकसान कुणाच्या खात्यातून जाणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बायकोच्या दागिन्यांतून' किंवा 'म्हाताऱ्या बापाच्या फंडातून' असं आलं, तर ती श्रद्धा नव्हे, दुसऱ्याच्या पैशावरचा जुगार आहे, मग कपाळावर गंध कितीही मोठं असो. पण 'माझ्या' असं उत्तर आलं, तर आपण वाट सोडून बाजूला व्हावं. झालंच तर पाण्याची बाटली हातात द्यावी. त्या माणसाला आपल्या सल्ल्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

राहता राहिला तो 'इतर'चा रकाना. तो मी आता पूर्वीसारखा हेटाळणीनं पाहत नाही. अर्जात तो सगळ्यात शेवटी का ठेवलेला असतो, एवढं मात्र मला उमगलं आहे. त्याच्या आधीचे सगळे रकाने आपण भरायचे असतात.